गार इंजिन

पाण्याशी आमच्या घराण्याचा संबंध नळापुरता. सगळा जन्म मुंबईत गेला, पण समुद्र पाहिला तो चौपाटीवर, भेळ खाता खाता. त्यामुळे माझ्या मावसभावाने, बाळूने, "जुनी मोटर यॉट बघायला उरणला येतोस का?" असा फोन केला तेव्हा मी "कॉट ना? लोखंडी की लाकडी?" असं विचारलं, यात माझं फारसं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

गिरगावातली त्यांची चाळ पुनर्विकासात गेली. बाळूने जागेऐवजी पैसे घेतले आणि तो मुलाकडे राहायला गेला. पैसे बँकेत ठेवावेत असं वहिनींचं मत आणि समुद्रात ठेवावेत असं त्याचं. बरोबर मीच का, तर म्हणे मला माठ कळतो. हे मात्र खरं आहे. आमच्या नात्यातले सगळे माठ (पाण्याचे म्हणतोय मी) मीच बोटाने वाजवून आणून दिलेले आहेत.

भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याच्या लाँचने गेलो. बाळूने एक सर्व्हेअरही ठरवला होता. जन्मभर जहाजांच्या इंजिनांत काढलेला, कमी बोलणारा माणूस. खाडीकाठी पावसाळ्यासाठी वर ओढून ठेवलेली पस्तीस फुटी बोट टेकूंवर उभी होती. बाळू पाहताक्षणीच तिच्या प्रेमात पडला आणि गाद्यांचा रंग कोणता घ्यावा ते मला विचारू लागला. सर्व्हेअरने गाद्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याने खिशातून छोटी हातोडी काढली आणि फायबरचा तळ इंचाइंचाने ठोकत निघाला. टण, टण, टण. मी कान टवकारले. हे तर आमचंच शास्त्र! फायबरच्या कातडीखाली पाणी शिरलं की घामोळ्यासारखे फोड येतात, आतले थर सुटतात आणि आवाज बद्द येतो.

माणूस बोलू लागला तेव्हा कळलं, की बोट बघणं म्हणजे चकचकीत भाग सोडून बाकीचं बघणं. तळाच्या ज्या कप्प्यात पाहुणा कधी उतरत नाही तिथे ताजा रंग दिसला तर आनंद मानायचा नाही, तो कशावर दिला ते विचारायचं. इंजिन फार थोडे तास चाललंय असं काटा सांगत असेल तर तेही चांगलं लक्षण नव्हे, नुसतं बसून राहिलेलं डिझेल इंजिन आतून गंजतं. (हे मी निवृत्त झाल्यापासून सौ.ला सांगतोय, उलट्या दिशेने.) तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी आत गेलंय. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. आणि सगळ्यांत आधी, इंजिन चालू करण्यापूर्वी, त्यावर हात ठेवून बघायचा.

"कशासाठी?" बाळूने विचारलं.

"गरम असेल तर गिऱ्हाईक यायच्या आधीच चालवून ठेवलंय. गार असताना ते सुरू होत नसणार."

मी एकदम पलीकडच्या खारफुटीकडे बघू लागलो.

1984 साली मी माझी स्कूटर आमच्याच शाखेतल्या एका सहकाऱ्याला विकली. ती सकाळी वीस-वीस किका खायची. तो साडेनऊला येणार होता. मी नऊला तिला घामाघूम होऊन सुरू केली, दोन चकरा मारल्या आणि पुसून उभी केली. त्याच्या पहिल्याच किकेला ती लागली. "बाकी ठीक आहे ना?" त्याने विचारलं. "चहा घेणार ना?" मी म्हणालो.

बँकेच्या परीक्षेसाठी मी 1872 चा करार कायदा घोकला होता. त्याच्या सतराव्या कलमाखाली एक दुखणाईत घोडा उभा आहे. लिलावात मालक तो विकतो, दुखणं माहीत असून गप्प बसतो. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. पण घेणारी त्याची नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल तर सांगणं त्याचं कर्तव्य आहे. आणि घेणारा म्हणाला, 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धड आहे असं मी समजतो,' तर तिथे गप्प बसणं हे बोलण्यासारखंच. मला त्या परीक्षेत चांगले मार्क होते. अकरा वर्षं एकाच डब्यातली भाजी खाणारा माणूस लिलावातला की मुलीसारखा, हे मात्र पेपरात विचारलं नव्हतं. चहाचा उल्लेख तर कायद्यात कुठेच नाही.

बोटीचा मालक एक सत्तरीचे गृहस्थ होते. ते होऊन म्हणाले, "डाव्या अंगाला मागच्या बाजूला बद्द वाजेल. वाऱ्यात जेटीवर आपटली होती, पॅच मारलाय. इंजिन कालपासून बंद आहे, हात लावून बघा. गार असताना तीनदा स्टार्टर मारावा लागतो. ते सगळं धरूनच किंमत सांगितलीय." नळीने पाणी देऊन इंजिन लावलं. मोजून तिसऱ्यांदा लागलं. डावीकडे बद्द वाजलं, ते सर्व्हेअरच्या आधी मला ऐकू आलं. दुसरीकडे कुठे नाही. "सांगितलं तेवढंच आहे," सर्व्हेअर म्हणाला, "किंमत रास्त आहे."

परतीच्या लाँचवर बाळू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "नको. स्वतःहून एवढं सांगतोय, मग न सांगितलेलं किती असेल?"

मला त्याला बोलायचं होतं. त्या गृहस्थांनी पुढच्या गिऱ्हाइकाला काय सांगावं असं तुझं म्हणणं आहे, असं विचारायचं होतं. पण आपला तोंडाने बोलायचा अधिकार कुठे संपतो ते माणसाला ठाऊक असतं. मी शेंगदाणे घेतले.

महिन्याभराने त्याने दुसरी बोट घेतली. सर्व्हेअर नेला नाही, फी वाचवली. "एकदम ए-वन!" फोनवर सांगत होता. "माणूसही मोठा अगत्याचा रे. आपण जायच्या आधीच इंजिन चालू करून ठेवलं होतं."

स्कूटरवाला सहकारी मागे एकदा पेन्शनच्या कामाला बँकेत भेटला. निवृत्तीनंतर प्रथमच. तीस वर्षांचं ओझं मनावर होतं, म्हणून मी धीर करून विषय काढला आणि त्या सकाळचं सगळं सांगितलं. तो जोरात हसला.

"अहो, ते मला आठवड्यातच कळलं होतं. मी शेजाऱ्याला विकली ना ती. पहाटे लांब नेऊन तापवून आणली," तो म्हणाला आणि मग जरा थांबून, "आता चहा घेऊ या का?"