यजमान कोण?

कलावंतानें परक्या राज्यांत गावयास जावें कीं नाहीं, हा प्रश्न वरवर शिष्टाचाराचा दिसतो. वस्तुतः तो नीतीचा आहे. पाहुणचार घेणाऱ्यास आपला यजमान कोण हें एकदां ठरवावेंच लागतें: गाणें ऐकावयास जमलेली जनता, कीं सभागृहाचें दार उघडणारी सत्ता?

१७ फेब्रुवारी २००१ रोजीं वेल्समधील 'मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स' या रॉक-संगीताच्या संचानें क्यूबाच्या राजधानींत, हॅवाना येथें, कार्ल मार्क्स नाट्यगृहांत कार्यक्रम केला. अमेरिकेच्या सर्वव्यापी वर्चस्वापुढें न नमणारें राष्ट्र म्हणून क्यूबाचा गौरव करावा, हा त्यांचा हेतु उघड होता. श्रोत्यांत खुद्द फिडेल कॅस्ट्रो होते. आमचा आवाज फार मोठा असेल, असें गायकांनीं आधीं सांगतांच, युद्धाहून तर मोठा नसेल ना, असें ते म्हणाले.

दुबळ्या राष्ट्राची बाजू घेणें गैर खचितच नव्हे. १९६२ पासूनच्या अमेरिकी व्यापारबंदीनें तेथील सामान्य माणसाचें जिणें अवघड केलें होतें. परंतु जेथें पक्ष एकच आणि वृत्तपत्रेंहि त्याचींच, तेथील प्रजेला स्वतःच्या राज्यकर्त्यांस बोल लावण्याची मुभा नव्हती. घरीं आपल्या पंतप्रधानास हवें तें सुनावूं शकणाऱ्या गायकानें येथें येऊन दूरच्या वॉशिंग्टनला दूषण द्यावें, यांत धैर्य तें कितीसें?

याच्या शेजारीं दुसरें उदाहरण ठेवून पाहावें. १९ जुलै १९८८ रोजीं अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन पूर्व बर्लिनमध्यें गायिले. निमंत्रण कम्युनिस्ट युवक-संघटनेचें. कार्यक्रमाला निकाराग्वाच्या पाठिंब्याचें नांव परस्पर जोडलेलें. तें त्यांस रुचलें नाहीं. मध्येंच थांबून त्यांनीं जर्मन भाषेंत सांगितलें कीं, आपण कोणत्याहि सरकारच्या बाजूनें वा विरुद्ध आलों नसून गाण्यासाठीं आलों आहों, आणि सारे अडसर एके दिवशीं ढासळावेत अशी आशा आहे. 'भिंत' हा शब्द त्यांनीं टाळला. तरी श्रोत्यांस उमगावयाचें तें उमगलेंच. पुढील वर्षीं ती भिंत पडली. ती गाण्यानें पडली असें मानणें पोरकटपणाचें होईल. पण त्या वाक्याचें मोल त्यामुळें कमी होत नाहीं.

तेव्हां जाणें हें पाप नव्हे. न जाणें म्हणजे पुष्कळदां एकाकी जनतेस अधिकच एकाकी करणें होय. खाल्ल्या मिठाला जागावें, हा आपला जुना दंडक. पण सत्तेच्या कोठारांतलें मीठहि अखेर प्रजेच्याच घामाचें असतें. म्हणून पाहुण्यानें तेथें निदान एक तरी वाक्य असें बोलावें, जें बोलण्याची त्याच्या श्रोत्यांस चोरी आहे.