पाण्याचा अंदाज

घाई नसलेली एखादी सकाळ निवडा. दाढीचा ब्रश कोमट पाण्यात बुडवून ठेवा. डुकराच्या केसांचा ब्रश असेल तर त्याला मऊ व्हायला वेळ लागतो, बिज्जूच्या केसांचा लवकर मऊ पडतो. तोवर चेहरा ओला करा आणि ओलाच राहू द्या. दाढीचा कोरडा केस चिवट असतो. पाणी मिळालं की तो आपल्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्के पाणी शोषून घेतो, फुगतो, आणि मग पात्याखाली सहज कापला जातो. त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात दुसरं काही करू नका. गालावरून हात फिरवा. हनुवटीखाली खुंट कुठे वळतात, गळ्यावर कुठे आडवे जातात, ते बोटांना कळू द्या.

आता साबण हातात घ्या. तुमचा कोणताही चालेल, पण मनापुढे मी एक विशिष्ट साबण ठेवतो, कारण दाढीच्या साबणांवर जीव लावणारी माणसं ‘साबणा’वर जीव लावत नाहीत, एका साबणावर लावतात.

इंग्लंडच्या यॉर्कशरमधलं ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या धंद्यावर वाढलेलं शहर. मेंढीच्या लोकरीत एक मेणचट द्रव्य असतं, पावसापासून तिचं रक्षण करणारं. लोकर धुतली की ते सुटतं, शुद्ध केलं की त्याचं लॅनोलिन होतं. 1930 च्या दशकात इथल्या फ्रेड मिचेल नावाच्या रसायनतज्ज्ञाने लॅनोलिन घालून साबण तयार केला. तो ‘मिचेल्स वूल फॅट’ या नावाने आजही मिळतो. पांढरी गोल वडी, सौम्य, स्वच्छ वास, दिसण्यात काही विशेष नाही. तरीही दाढीच्या हौशी मंडळींत या वडीवरून सरळ दोन तट पडतात. काही म्हणतात, याला फेसच येत नाही. काही म्हणतात, याच्यानंतर दुसरा साबण लावावासा वाटत नाही. दोघंही खरंच बोलतात.

याचं कारण पाण्यात आहे. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की साबण आधी त्यांच्याशी बांधला जातो, त्याचा चोथा होतो, आणि फेसासाठी उरतो तो थोडाच. बोअरच्या जड पाण्यावर संसार केलेल्या कोणालाही हे सांगावं लागत नाही. त्या पाण्यात डाळही शिजता शिजत नाही. ब्रॅडफर्डचं पाणी मऊ, लंडनचं जड. त्यामुळे एकच वडी एका शहरात भरभरून फेस देते आणि दुसऱ्या शहरात हिरमोड करते. ज्यांच्याकडे जड पाणी आहे त्यांनी ब्रशवर साबण दुपटीने चढवावा, किंवा एवढ्यापुरतं फिल्टरचं पाणी घ्यावं. पण यापुढची गोष्ट कोणी सांगून येत नाही, ती हातानेच शिकावी लागते.

ब्रश झटका. अगदी कोरडा करू नका. वडीवर गोल गोल फिरवत राहा, सुरुवातीचे मोठे बुडबुडे दिसले म्हणून थांबू नका, ते फसवे असतात. ब्रशवर चिकट, जाड लेप चढला की चेहऱ्याकडे वळा, आणि आता पाणी थेंबाथेंबाने द्या. तीन थेंब, मग फिरवा. पुन्हा तीन थेंब. आधी फेस कोरडा, निस्तेज दिसेल. मग एका क्षणी त्याला चकाकी येईल आणि तो घोटलेल्या चक्क्यासारखा ब्रशवर उभा राहील. त्याच्यापुढे चार थेंब जास्त पडले तर तो ओघळतो. या दोहोंमधली जागा फार अरुंद आहे, आणि प्रत्येक साबणाची ती वेगळी असते. ब्रश फिरवता फिरवता ती शोधा. डोळे मिटले तरी चालेल, केसांचा ओढा बदलतो तो हाताला कळतो.

हा फेस टिकतो कशामुळे? अंघोळीच्या साबणाचा फेस भरभर येतो आणि भरभर मरतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचं प्रमाण जास्त ठेवतात, त्याने फेस दाट आणि चिवट होतो. शिवाय त्यात सोडियमबरोबर पोटॅशियमही असतं. सोडियमने वडी घट्ट राहते, पोटॅशियममुळे ती पाण्यात चटकन उतरते. या साऱ्याचं काम एकच, केसाजवळचं पाणी पातं पोचेपर्यंत तिथे धरून ठेवणं.

फेस चेहऱ्यावर असू द्या, आणि स्वतःला विचारा: मला या साबणातलं नेमकं काय आवडतं? एकेक गोष्ट बाजूला काढून पाहा. आधी डबी बाजूला ठेवा. मग नाव. मग वास. वास सोडवत नाही, हे मला माहीत आहे. लहानपणी वडिलांच्या नुकत्या केलेल्या दाढीला गाल लावला असेल तर तो वास आणि ते वडील वेगळे करता येत नाहीत, करूही नयेत. पण क्षणभर तोही दूर ठेवा. मला वाटतं, तरीही एक गोष्ट उरते. या वडीला किती पाणी लागतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. ते कुठे लिहिलेलं नाही, तुमच्या मनगटात आहे, आणि ते तुम्ही या एकाच साबणापासून शिकलात.

म्हणूनच साबणाची कृती बदलली की माणसं दुखावतात. जर्मनीतल्या श्टोलबर्गच्या मॉयरर उंट विर्ट्झ कंपनीचा ‘टबाक ओरिगिनाल’ हा सुगंध 1959 पासूनचा. त्याच्या दाढीच्या साबणात पूर्वी गुरांची चरबी होती, अलीकडे ती काढून वनस्पतिजन्य तेलं आली. जुन्या वड्या शोधून साठवणारी माणसं मग ठिकठिकाणी दिसू लागली. आपल्याकडे चरबीविषयीची भावना अगदी उलट आहे. अर्देशिर गोदरेज यांनी 1920 च्या आसपास मुंबईत चरबीविरहित साबण आणले ते याच भावनेची कदर करून, आणि मला ती योग्य वाटते. चांगला फेस वनस्पतींच्या तेलांतूनही येतो. तरीही जुन्या टबाकसाठी हळहळणाऱ्याला हसणं मला अन्यायाचं वाटतं. वर्षानुवर्षं कमावलेला अंदाज एका सकाळी निरुपयोगी होणं हे खरं नुकसान आहे, चार जणांना दाखवता येत नाही एवढंच.

आता दाढी करा. वरून खाली, केसांच्या दिशेने, पातं दाबू नका. पात्यावर जमलेला फेस धुऊन टाकताना तो पाण्यात कसा सुटतो ते पाहा. गार पाण्याने तोंड धुवा, ओल्या गालावर तुरटी फिरवा. जिथे चुरचुरेल तिथे हात जड पडला होता.

वडी लगेच झाकू नका, पुरती वाळू द्या. आणि बंद झालेल्या साबणाच्या जुन्या वड्या कपाटात जपून ठेवल्या असतील तर त्यातली एक याच आठवड्यात काढा. नीट वाळवून ठेवलेली वडी वर्षानुवर्षं फेस देते, पण तिचा वास दरवर्षी थोडा थोडा उडतो, वेष्टनात असली तरी.