उगवतीचं चित्र

झाडाला जात नसते, डोंगराला धर्म नसतो, तेव्हा निसर्गचित्र काढणाऱ्याला तरी तुम्ही सोडा, असं आम्हाला सांगितलं जातं. गोष्टीत, नाटकात, कवितेत जात शोधा. पण एखादा माणूस उघड्यावर बसून डोंगर रंगवतो, त्यात काय शोधता? 'झाडाले काय जात असते का बाप्पा?' नसते. कबूल. पण चित्रकार ज्या जागेवर बूड टेकून बसतो त्या जागेला जात असते. तो कुठून पाहतो, काय पाहतो अन् काय पाहून न पाहिल्यासारखं करतो, त्याला जात असते. माझा प्रश्न एवढाच आहे : नुसतं पाहणं निष्पाप असतं काय?

आधी हे काम कसं चालतं ते बघू. उघड्यावर स्केच करणाऱ्याच्या हाती वेळ थोडा. ऊन सरकतं, सावली फिरते, दीड-दोन तासांत मूळचा उजेड निघून जातो. म्हणून तो डोळे किलकिले करतो. त्यानं बारीकसारीक गोष्टी बुजतात अन् मोठे आकार तेवढे उरतात. मग दोन हातांच्या बोटांची चौकट करून तो तिच्यातून बघतो, अन् तिच्यात मावेल तेवढंच घेतो. म्हंजे या कलेची पहिली विद्या वगळण्याची. वगळल्याशिवाय चित्र होतच नाही. हा काही चित्रकाराचा गुन्हा नव्हे, ती त्याच्या कामाची गरज आहे. पण जिथं निवड आली तिथं नीती आली. विजेचा खांब वगळला तर कोणाचं काही जात नाही. वस्ती वगळली तर?

आता उगवतीचं चित्र घ्या. कॅलेंडरावर असतं, शाळेच्या भिंतीवर असतं : लाल सूर्य, देवळाचा कळस, नदी, घागर घेतलेली बाई. बापहो, आपल्याकडं पुष्कळ गावांत महारपुरा उगवतीच्या अंगाला असतो. आज त्याला कुठं भीमनगर म्हणतात, कुठं आणखी काही, जागा तीच. वारा मावळतीकडून येतो. आमच्या अंगावरून गेलेला वारा गावावर येऊ नये म्हणून ही सोय, असं जुनी माणसं सांगत आली. म्हंजे गावात बसून उगवतीचं चित्र काढायचं तर आमची घरं ओलांडूनच सूर्याकडं बघावं लागतं. सूर्य आमच्या छपरांवरून वर येतो. चित्रात सूर्य येतो, छप्पर येत नाही. अन् ती घागरवाली बाई कोणत्या पाणवठ्यावरची? ज्या देशात १९२७ साली महाडच्या तळ्याचं ओंजळभर पाणी प्यायला बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, त्या देशात पाणवठ्याचं चित्र नुसतं सुंदर कसं राहील?

प्रत्येक निसर्गचित्रकार लबाड असतो असं मी म्हणत नाही. कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून गावी परतले अन् आपलाच रंकाळा, आपलीच पंचगंगा, आपलंच कोटितीर्थ रंगवत राहिले. १९३१ साली ते गेले. एका जागेला असं आयुष्य देणं वेगळं, अन् रविवारी येऊन देखावा उचलून नेणं वेगळं. पण आबालालांच्या पाठीशी शाहू महाराजांसारखा राजा होता, हेही विसरू नये. पाहायला फुरसत लागते. जिनिंगमध्ये रुईच्या धुळीत पाळी करून सुटलेल्या माणसाला उजेड शिल्लक राहत नाही. डोंगर त्याचाही असतो, पण त्याला तो अंधारातच भेटतो.

आमच्या अंजनगाव सुर्जीतून उत्तरेला पाहिलं की गाविलगडचे डोंगर दिसतात. पानमळ्यांच्या पलीकडं निळी रेघ. कोणालाही वाटेल, काढावं. त्या डोंगरात चिखलदरा. भीमानं कीचकाला मारून इथल्या दरीत फेकलं, तो कीचकदरा; मग त्यानं भीमकुंडात हात धुतले, ही गोष्ट पर्यटकाला पहिल्याच दिवशी सांगतात. लोककथेवर चित्रं काढायला आलेला माणूस हीच काढणार : पहिलवान, दरी अन् रक्त.

पण त्याच सातपुड्यात कोरकू राहतात, अन् त्यांची गोष्ट दुसरी आहे. विंध्य-सातपुड्यात माणूसच नाही याचं रावणाला वाईट वाटलं. त्यानं महादेवाला साकडं घातलं. महादेवानं कावळा पाठवून वारुळाची लाल माती शोधली अन् तिची एक बाई, एक बुवा घडवला. इंद्राचे घोडे आले अन् तुडवून गेले. पुन्हा घडवले, पुन्हा तुडवले. शेवटी महादेवानं आधी कुत्रा घडवला. त्या कुत्र्यानं घोडे हाकलले तेव्हा कुठं माणूस उभा राहिला.

डोंगर तोच. एका गोष्टीत तो प्रेत फेकायची जागा, दुसरीत माणूस जन्मल्याची. तिथं रावण राक्षस नाही, तो माणसं मागणारा आहे. यातली कोणती गोष्ट चित्रात जाते? जिच्यामागं पोथी आहे ती. १९७४ साली मेळघाटात व्याघ्रप्रकल्प झाला, पुढं कोरकूंची कितीतरी गावं जंगलातून उठवली. आता मेळघाटाच्या चित्रात वाघ असतो, माणूस नसतो. इंद्राचे घोडे अजून थांबले नाहीत.

मग चित्र काढूच नये काय? तसं नाही. अजिंठ्याच्या भिंतीवर छद्दंत जातक आहे. तीही लोकांत सांगितली जाणारी गोष्टच. सहा सुळ्यांचा हत्ती, राणीच्या हट्टापायी त्याचे सुळे कापून आणणारा पारधी, अन् ते सुळे बघून कोसळलेली राणी. ज्याला मारलं तो भिंतीवर आहे, ज्यानं मारलं तो आहे, जिनं मारायला लावलं तीही आहे. कोणालाच चौकटीबाहेर काढलेलं नाही. एवढं जंगल रंगवूनही त्या चित्रकारांनी जंगलाआड दुःख लपवलं नाही.

दुसरं उदाहरण आपल्या काळातलं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे. वारली बायका लग्नात तांदळाच्या पिठानं भिंतीवर चौक लिहितात. त्या रीतीतून जिव्या वर आले. १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी नावाचा चित्रकार त्या पाड्यांवर गेला, त्यानं वारल्यांच्या हातात कागद अन् रंग दिले. ही गोष्ट मला मोलाची वाटते. बाहेरून आलेल्या माणसानं चित्र नेण्याआधी कागद दिला. पुढं २०११ साली जिव्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. त्यांच्या चित्रात क्षितिजाची रेघ नाही, त्यामुळं कोणी लांबचा म्हणून बारीक होत नाही. देह म्हंजे दोन त्रिकोण, कोणाचाही असो. आज तीच माणसं साड्यांवर अन् कपांवर छापून विकतात, खाली कोणाचं नाव नसतं. म्हंजे आधी माणूस वगळून डोंगर घेतला, आता माणूस घेतात अन् त्याचं नाव वगळतात.

म्हणून पाहणं निष्पाप नाही, असं माझं उत्तर आहे. पाहणाऱ्यावर तीन गोष्टींचं देणं असतं. आपण कुठं बसलो ते त्यानं सांगावं. काय वगळलं ते स्वतःपाशी तरी कबूल करावं. अन् ज्याची गोष्ट घेतली त्याचं नाव घ्यावं. एवढं केलं तरी चित्रकाराची बरीच उधारी फिटेल.

उरलेलं काम आपलं आहे. आपल्या पोरांनी आता लिहायला हात सरावला आहे, कविता भरपूर झाल्या. पेन्सिलही उचला. रंग नसला तर कोळसा आहे, चुना आहे. सुटीच्या दिवशी भल्या सकाळी गावातून उगवतीकडं तोंड करून बसा. आधी छप्पर काढा, मग दारातली माणसं. सूर्य त्यांच्या मागूनच येतो. त्याला जागा करून द्यावी लागत नाही.