पहिली भेट आणि माणूस ओळखण्याची घाई

एखाद्या देशाचा परराष्ट्रमंत्री बदलला की त्या राजधानीतल्या सगळ्या वकिलातींत एकच लगबग सुरू होते. नव्या मंत्र्याची वेळ मिळवायची, आपल्या आधी कोणाला बोलावले याची चौकशी करायची, भेटीसाठी मुद्दे काढून ठेवायचे आणि भेट झाली की त्याच रात्री आपल्या सरकारला तार पाठवायची. या तारेत साधारणपणे दोन गोष्टी असतात. काय बोलणे झाले ही एक, आणि माणूस कसा वाटला ही दुसरी. पहिली गोष्ट बहुतेक वेळा रूक्ष असते, कारण पहिल्या भेटीत कोणी फारसे बोलत नाही. दुसरी मात्र चवीने वाचली जाते, वरपर्यंत जाते, तोंडी फिरते आणि पुढे कित्येक महिने त्या मंत्र्याच्या प्रत्येक शब्दाचा अर्थ तिच्या आधारे लावला जातो. माझे म्हणणे असे आहे की पहिल्या भेटीपुरती ही दुसरी गोष्ट राजदूताने लिहूच नये. माणूस पारखणे हे मुत्सद्द्याचे खास कौशल्य समजले जाते आणि त्याचा त्याला अभिमानही असतो, पण पहिल्या भेटीत तेच कौशल्य त्याला सर्वाधिक फसवते. मे 1939 मधले मॉस्को हा याचा मला माहीत असलेला सर्वांत स्पष्ट आणि सर्वांत महागात पडलेला पुरावा आहे.

3 मे 1939 रोजी मॅक्सिम लिटव्हिनोव्ह यांना सोव्हिएत परराष्ट्र खात्यावरून दूर करण्यात आले. 1930 पासून ते त्या पदावर होते. हिटलरविरुद्ध ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांनी एकत्र उभे राहावे, या सामुदायिक सुरक्षिततेच्या धोरणाचा चेहरा तेच होते. अवघ्या सोळा दिवसांपूर्वी, 17 एप्रिलला, त्यांनी ब्रिटिश राजदूत विल्यम सीड्स यांच्या हाती तिन्ही देशांच्या परस्पर साहाय्य कराराचा प्रस्ताव ठेवला होता. त्यांच्या जागी आलेले व्याचेस्लाव्ह मोलोटोव्ह 1930 च्या अखेरीपासून देशाचे पंतप्रधान होते. ते पद सोडून ते परराष्ट्र खात्यात आले नव्हते, ते पद ठेवून आले होते. यात बरेच काही सांगून झाले होते. आतापर्यंत परराष्ट्रमंत्री एक आणि निर्णय घेणारे दुसरे, अशी मॉस्कोची रचना होती. आता स्टालिन यांचा सर्वांत जवळचा सहकारी स्वतः टेबलापलीकडे बसणार होता. परकीय राजधान्यांतल्या वावराचा अनुभव त्याला नसेल, पण त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे असणार होते, निदान ते मिळवायला त्याला लांब जावे लागणार नव्हते.

सीड्स यांची मोलोटोव्ह यांच्याशी पहिली भेट 8 मे रोजी झाली. ते हातात लंडनचे उत्तर घेऊन गेले होते. लिटव्हिनोव्ह यांच्या प्रस्तावाला तीन आठवड्यांनी आलेले हे उत्तर होते, आणि त्या तीन आठवड्यांत प्रस्ताव मांडणारा माणूसच पदावर राहिला नव्हता. ब्रिटनने मार्चअखेरीस पोलंडला आणि एप्रिलमध्ये रुमानियाला हमी दिली होती. त्या हमीपायी ब्रिटन आणि फ्रान्स युद्धात ओढले गेले, तर सोव्हिएत संघाने मागितल्यास मदत करू असे आपल्या बाजूने जाहीर करावे, एवढेच लंडनला हवे होते. मोलोटोव्ह यांनी राजदूतांची अक्षरशः उलटतपासणी घेतली. एकामागून एक प्रश्न, मधे सौजन्याची दोन वाक्येही नाहीत. लिटव्हिनोव्ह यांच्या मोकळ्या, जाणत्या बोलण्याची सवय झालेल्या सीड्स यांना हा अनुभव जड गेला असल्यास नवल नाही. त्याच दिवशी मोलोटोव्ह यांनी परदेशातल्या आपल्या एका राजदूताला कळवले की ब्रिटिश आणि फ्रेंच आपल्याकडून एकतर्फी मदत मागत आहेत आणि बदल्यात तेवढीच मदत द्यायचा त्यांचा विचार दिसत नाही. 14 मे रोजी औपचारिक उत्तर आले, त्यातही हाच मुद्दा होता: आमच्यावर थेट हल्ला झाला तर तुम्ही काय करणार? आणि बाल्टिकच्या बाजूने हल्ला आला तर?

म्हणजे त्या तासाभराच्या उलटतपासणीतच मोलोटोव्ह यांची भूमिका होती. मंत्र्याने उत्तरे दिली नाहीत म्हणून बोलणे निष्फळ झाले असे आपण समजतो, पण नवा मंत्री कोणत्या कलमावर थांबतो, काय पुन्हा पुन्हा विचारतो, हीच पहिल्या भेटीतली सगळ्यांत भरवशाची माहिती असते. सीड्स यांनी प्रश्न लंडनला कळवले. ते कर्तव्यात चुकारपणा करणारे अधिकारी नव्हते, आणि मॉस्कोशी करार व्हावा असेच त्यांचे मत होते. तरीही महिना संपेपर्यंत त्यांच्या लिखाणात मोलोटोव्ह यांचे व्यक्तिचित्र ठळक होत गेले. 27 मे रोजी सुधारित मसुदा घेऊन गेलेल्या त्यांना मोलोटोव्ह यांनी पुन्हा धारेवर धरले. त्यानंतर 30 मे रोजी त्यांनी लंडनला लिहिले, त्याचा आशय असा: परराष्ट्र व्यवहारांचे काहीही ज्ञान नसलेल्या माणसाशी व्यवहार करणे आपल्या नशिबी आले आहे, वाटाघाटी म्हणजे काय हे या माणसाला ठाऊकच नाही, आणि त्याच्यापाशी आहे ते केवळ खेडवळ शेतकऱ्याचे धूर्तपण. हे वर्णन पुढे इतिहासाच्या पुस्तकांतून कितीतरी वेळा उद्धृत झाले, कारण ते वाचायला चांगले आहे. लंडनमध्ये मात्र त्याने एक सोय करून दिली. पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांना मॉस्कोशी करार मुळातच नकोसा होता. समोरचा मंत्री अडाणी आणि हटवादी आहे असे एकदा ठरले, की आपल्या प्रस्तावात काय कमी आहे हे तपासायची गरज उरत नाही.

याच मंत्र्याला 20 मे रोजी जर्मन राजदूत काउंट फ्रीडरिश वेर्नर फॉन डेर शुलेनबुर्ग भेटले. 1934 पासून ते मॉस्कोत होते. खुंटलेली व्यापारी बोलणी पुन्हा सुरू करावीत, असा विषय घेऊन ते गेले. मोलोटोव्ह त्यांच्याशीही सढळपणे बोलले नाहीत. आर्थिक बोलणी पुढे न्यायची तर आधी राजकीय पाया हवा, असे ते म्हणाले. राजकीय पाया म्हणजे नेमके काय, असे शुलेनबुर्ग यांनी विचारले, तेव्हा यावर दोन्ही सरकारांनी विचार करावा, एवढेच उत्तर मिळाले. आणखी काही काढून घेण्याचा त्यांचा प्रयत्न व्यर्थ गेला. तिथून ते उपमंत्री पोत्योम्किन यांच्याकडे गेले, तिथेही काही हाती लागले नाही. बर्लिनला त्यांनी जे टिपण पाठवले त्यात हे सगळे जसेच्या तसे आहे: काय विचारले, काय उत्तर आले, कुठे उत्तर आलेच नाही. मोलोटोव्ह यांच्या हट्टी स्वभावाचा उल्लेख त्यातही आहे, पण तो मंत्र्यांनी ठरवले तेवढेच सांगितले आणि त्यापुढे एक शब्दही बोलले नाहीत, या निरीक्षणाच्या मागून येतो. आपल्याला न उमगलेले वाक्य त्यांनी समजल्याचा आव न आणता तसेच पुढे पाठवले. दुसऱ्याच दिवशी जर्मन परराष्ट्र खात्याचे सचिव वाइत्सेकर यांनी बर्लिनहून कळवले की आता आपण गप्प बसून रशियन अधिक मोकळेपणे बोलतात का ते पाहावे. दहा दिवसांनी, 30 मे रोजी, बर्लिनने स्वतःच सोव्हिएत वकिलातीतले अस्ताखोव्ह यांच्याशी बोलणे छेडले. त्या एका न उलगडलेल्या वाक्याकडे कोणीतरी परत परत पाहत होते.

इथे एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. हे सगळे स्टालिन, हिटलर आणि चेंबरलेन यांनी ठरवले. राजदूत काय लिहितात याने काय फरक पडणार होता? हिटलरकडे स्टालिनला द्यायला पूर्व युरोपचा वाटा होता, ब्रिटनकडे फक्त युद्धाची शक्यता होती. सीड्स यांनी कितीही निर्मळपणे लिहिले असते तरी सौदा बर्लिनशीच झाला असता. यातला बराच भाग मला मान्य आहे. जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांच्यातला 23 ऑगस्टचा अनाक्रमण करार एका तारेने टळला असता असे मी म्हणत नाही. पण निर्णय वर होतात म्हणूनच खालून जाणाऱ्या कागदाला महत्त्व येते. चेंबरलेन मोलोटोव्ह यांना कधी भेटले नव्हते. त्यांच्यासमोर जो मोलोटोव्ह होता, तो तारांमधून तयार झालेला होता. त्या तारांत प्रश्न आधी आणि स्वभाव नंतर आला असता, तर मंत्रिमंडळाला निदान कशाला नकार द्यायचा हे स्पष्ट दिसले असते.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूने येतो: शुलेनबुर्ग यांना तरी काय कळले? त्यांना काहीच कळले नव्हते, हे खरेच आहे, आणि माझा भर त्यावरच आहे. पहिल्या भेटीत कळण्यासारखे थोडेच असते. जो हे मान्य करतो त्याची नोंद पुढे उपयोगी पडते. जो तासाभरात माणूस ओळखल्याचे सांगतो, त्याने आपल्याच पुढच्या नोंदींवर सावट आणलेले असते, कारण त्यानंतर जे काही घडते ते त्या ओळखीत बसवले जाते. 31 मे रोजी मोलोटोव्ह यांनी सर्वोच्च सोव्हिएतपुढे भाषण केले. ब्रिटन-फ्रान्सशी बोलणी चालू असली तरी जर्मनी आणि इटलीशी व्यापारी संबंध ठेवायला हरकत नाही, असे त्यांनी उघडपणे सांगितले. परराष्ट्र व्यवहारातले काही न कळणारा माणूस म्हणून त्यांच्याकडे पाहणाऱ्याला यात चाल दिसणे कठीण होते.

आणि हा दोष फक्त नावडत्या मंत्र्यांच्या बाबतीत होतो असेही नाही. जुलै 1985 मध्ये आंद्रेई ग्रोमिको यांच्या अठ्ठावीस वर्षांच्या कारकिर्दीनंतर सोव्हिएत परराष्ट्रमंत्रिपदी एदुआर्द शेवार्दनाद्झे आले, तेव्हा त्यांच्या हसतमुख वागण्याचे सर्वत्र कौतुक झाले. पुढे धोरण खरोखरच बदलले, पण अफगाणिस्तानातली शेवटची सोव्हिएत तुकडी फेब्रुवारी 1989 मध्ये बाहेर पडली. हास्य आणि धोरण यांच्यामध्ये साडेतीन वर्षे होती. आपल्याकडे 1977 मध्ये जनता सरकारात अटलबिहारी वाजपेयी परराष्ट्रमंत्री झाले. जनसंघातल्या त्यांच्या भाषणांवरून जे अंदाज बांधले गेले, ते फोल ठरले. एप्रिलमध्येच ग्रोमिको दिल्लीला आले, सोव्हिएत संघाशी झालेला 1971 चा करार कायम राहिला, वाजपेयी 1978 मध्ये पाकिस्तानात आणि 1979 मध्ये चीनमध्ये गेले. माणूस तोच होता. पद, सरकार आणि जबाबदारी निराळी होती, आणि धोरण या तिघांतून आकाराला येते.

माणसाची पारख मुत्सद्द्याने सोडूनच द्यावी का? नाही. ती वेळाने करावी. ब्रिटनचे विल्यम स्ट्रँग जूनच्या मध्यावर मॉस्कोत वाटाघाटींसाठी पोहोचले आणि अनेक आठवडे मोलोटोव्ह यांच्यासमोर बसले. मंत्री उंचावर मेजामागे आणि राजदूत खाली अर्धवर्तुळात, मांडीवर कागद धरून, असे जे चित्र त्यांनी पुढे आठवणींत दिले आहे, ते मोलाचे आहे, कारण ते अनेक बैठकांनंतर आलेले आहे आणि त्यात सत्तेची मांडणी दिसते. पण स्ट्रँग आले तोवर मोलोटोव्ह यांनी 8 मे रोजी विचारलेल्या प्रश्नांची, म्हणजे तुम्ही स्वतः किती बांधून घेता आणि बदल्यात काय देता याची उत्तरे देण्याची वेळ सरत चालली होती. ऑगस्टमध्ये ब्रिटनचे लष्करी शिष्टमंडळ विमानाने न येता संथ जहाजाने आले. 12 ऑगस्टच्या पहिल्याच बैठकीत सोव्हिएत संरक्षणमंत्री मार्शल व्होरोशिलोव्ह यांनी शिष्टमंडळाचे प्रमुख ॲडमिरल ड्रॅक्स यांना विचारले, की करारावर सही करण्याचा लेखी अधिकार तुमच्यापाशी आहे का. तो नव्हता. तो लंडनहून मागवावा लागला, आणि कागद हाती येईपर्यंत जर्मन परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप यांच्या मॉस्को भेटीचा दिवस ठरून गेला होता.