शंका, एहतियात आणि फैसला

शंका घेणे चांगले की वाईट, हा प्रश्न तसा जुना आहे. आपल्या घरांत लहानपणापासून शिकवले जाते की बदगुमानी हा गुनाह आहे. पुराव्याशिवाय कुणाविषयी वाईट मनात आणू नये. कुरआनने तर पुष्कळशा गुमानापासून दूर राहण्याची ताकीदच दिली आहे. दुसरीकडे आम्ही शिक्षक मंडळी वर्गात मुलांना सांगतो की शंका विचारा, शंकेशिवाय इल्म वाढत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मग शंका कुठे घ्यावी आणि कुठे आवरावी, याची हद्द कोणती? एका अगदी साध्या वस्तूच्या आधाराने या प्रश्नाचा विचार करावा असे आम्हाला वाटते. ती वस्तू म्हणजे लॅपटॉपची हार्डडिस्क.

आम्ही राहतो ते घणसोली गाव. १९७० साली सिडको स्थापन झाली, भोवतालच्या शेतजमिनी संपादित झाल्या आणि गावठाण मात्र नव्या शहराच्या मधोमध राहिले. अरुंद गल्ल्या, एकमेकींना खेटलेल्या इमारती, खाली मोबाइल आणि लॅपटॉप दुरुस्तीची दुकाने. इथून जवळच, ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पट्ट्यात, महापे, रबाळे, ऐरोलीकडे मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. तिथे डिस्क बिघडणे हा रोजच्या कामाचा भाग असतो. एक डिस्क गेली तर त्याच मजकुराची प्रत दुसरीकडे असते. कामगार येतो, डिस्क बदलतो, निघून जातो. गावातल्या घरांत तसे नसते. घरात लॅपटॉप एक, तोही बहुधा सेकंडहँड. त्यात डिस्क एक आणि तिच्यावरच्या मजकुराची प्रतही एकच.

त्या एका प्रतीत काय काय असते? उर्दू शाळेच्या शिक्षकाकडे असतील तर इनपेजमध्ये टाइप केलेल्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, मुलांचे गुण, जनरल रजिस्टरवरून उतरवलेल्या जन्मतारखा. घरच्या लॅपटॉपवर बहिणीच्या निकाहचे फोटो, इंतकाल झालेल्या वडिलांचा आवाज, कुणाच्या रेशनकार्डाचे, कुणाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याचे स्कॅन. यातले बरेचसे लॅपटॉपच्या मालकाचे नसतेच. ते दुसऱ्यांनी विश्वासाने त्याच्याजवळ ठेवलेले असते. आपल्या भाषेत तिला अमानत म्हणतात. म्हणून डिस्कचा प्रश्न निव्वळ यंत्राचा राहत नाही.

आता ही डिस्क बिघडते कशी ते पाहू. लॅपटॉपमधल्या फिरत्या डिस्कमध्ये चकचकीत तबकड्या असतात. त्या बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेतात. वाचणारे-लिहिणारे टोक तबकडीला न टेकता तिच्यावर तरंगते, आणि दोघांतले अंतर केसाच्या जाडीच्या हजारो पट कमी असते. धक्का बसला, धूळ शिरली, झीज झाली की पृष्ठभागाचे बारीक तुकडे वाचता येईनासे होतात. मग लॅपटॉप उघडायला वेळ लागतो, फाइल उघडताना पडदा गोठतो, कधी निळा होतो, कधी आतून टकटक ऐकू येते.

पण पंचाईत अशी की यातले जवळजवळ प्रत्येक लक्षण दुसऱ्या कारणानेही दिसते. लॅपटॉप मंदावतो तो व्हायरसमुळे, रॅम कमी पडल्याने, पंखा धुळीने भरल्याने किंवा जागा संपल्यानेही. डिस्कच्या आत स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवणारी एक व्यवस्था असते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. क्रिस्टल डिस्क इन्फोसारखा फुकट मिळणारा प्रोग्रॅम ही नोंद पडद्यावर दाखवतो. त्यात ५ क्रमांकाचा आकडा सांगतो की किती खराब जागा बाजूला काढून राखीव जागा वापरल्या. १९७ क्रमांक सांगतो की किती जागा वाचताना अडचण आली आणि त्यांचा निकाल अजून लागलेला नाही. १९९ क्रमांक वाढत असेल तर मात्र दोष बहुतेक वेळा डिस्कचा नसतो, तिला जोडणाऱ्या तारेचा किंवा जोडाचा असतो. ज्याला हे माहीत नाही तो चांगली डिस्क फेकून देतो आणि खराब तार जागेवरच ठेवतो. नवी डिस्कही मग तशीच वागू लागते.

आणि या नोंदीवरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. २००७ साली गूगलच्या तीन संशोधकांनी आपल्या कंपनीतल्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक आढळलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. इथपर्यंत वाचून वाटते, चला, खूण सापडली. पण त्याच अभ्यासात असेही आढळले की बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांमध्ये चार महत्त्वाच्या खुणांपैकी एकही नव्हती. उलट, खूण दिसलेल्या कितीतरी डिस्का पुढे महिनोन् महिने चालत राहिल्या. हल्लीच्या एसएसडीला तर फिरणारा भागच नाही. ती कसलाही आवाज न करता अचानक गप्प होते. तेव्हा गप्प आहे म्हणून सलामत समजू नये, आणि खूण दिसली म्हणून मेली असेही म्हणू नये.

खात्रीने काही सांगता येत नाही, अशा वेळी माणसाने काय करावे? बहुतेक जण दोनपैकी एक वाट धरतात. काही म्हणतात, चालतेय ना, मग बघू पुढे. काही घाबरून तपासणीवर तपासणी चालवतात. दुसरी वाट पहिलीइतकीच धोक्याची आहे. संपूर्ण पृष्ठभागाची तपासणी तासन् तास चालते आणि आधीच थकलेल्या डिस्कला दमवते. विंडोजचा डिस्क दुरुस्त करणारा आदेश तर त्याच डिस्कवर लिहितो, आणि वाचवता आली असती अशी फाइल त्यात कायमची जाऊ शकते. जाणता कारागीर म्हणूनच क्रम बदलतो. तो आधी प्रत काढतो आणि निदान नंतर करतो. प्रत काढतानाही जे पुन्हा मिळणार नाही ते पहिले. सिनेमे आणि प्रोग्रॅम शेवटी. टकटक चालूच असेल तर लॅपटॉप बंद करून जाणकाराकडे नेतो. काढलेली प्रत उघडून पाहतो आणि ती दुसऱ्या जागी ठेवतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा एकाच कपाटात ठेवलेल्या सगळ्या कागदांचे काय होते ते मुंबई परिसराने पाहिले आहे.

या क्रमाला आपल्या इतिहासातही आधार आहे. हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या खिलाफतीत यमामाच्या लढाईत कुरआन मुखोद्गत असलेले अनेक सहाबा शहीद झाले. हजरत उमर (रजि.) यांना काळजी वाटली. कुरआनचा एक शब्दही हरवलेला नव्हता. होती ती फक्त अंदेशाची गोष्ट. हजरत अबू बक्र (रजि.) आधी कचरले, मग पटले, आणि हजरत जैद बिन साबित (रजि.) यांच्यावर सगळे एकत्र लिहून काढण्याचे काम सोपवले गेले. नुकसान सिद्ध होईपर्यंत ते थांबले नाहीत.

इथे आमच्या मूळ प्रश्नाची हद्द दिसू लागते. प्रत काढण्यासाठी शंका पुरते, कारण शंका खोटी ठरली तर जाते काय? काही तास आणि काहीशे किंवा फार तर काही हजार रुपये. डिस्कची बदनामी होत नाही, कुणाचे घर उजाडत नाही. जिथे शंकेची किंमत शंका घेणारा स्वतः मोजतो, तिथे शंका म्हणजे एहतियात. जिथे ती किंमत दुसऱ्याच्या माथी बसते, तिथे तीच शंका जुलूम होते.

हे आपल्या समाजाला समजावून सांगायला नको. ८ सप्टेंबर २००६ ला मालेगावात स्फोट झाले. नऊ मुस्लिमांना अटक झाली. २०१६ साली विशेष न्यायालयाने हयात असलेल्यांना दोषमुक्त केले. एक जण तोवर जगात नव्हता. स्फोटानंतर गर्दीच्या जागी पहारा वाढवणे, येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांच्या पिशव्या तपासणे ही एहतियात झाली. तिला कुणाचा आक्षेप नसावा. पण विशिष्ट माणसांवर बोट ठेवून त्यांची वर्षेच्या वर्षे काढून घ्यायची, तर तिथे गुमान चालत नाही. तिथे पुरावाच लागतो. यंत्राच्या बाबतीतही आकडा कोणता, डिस्कचा की तारेचा, हे पाहिल्याशिवाय डिस्क फेकू नये असे आपण म्हणतो. माणसाला निदान तेवढा तरी हक्क हवा.

मात्र हे माप आपण फक्त सरकारला लावून चालणार नाही. दुरुस्तीच्या दुकानात लॅपटॉप न उघडताच “हार्डडिस्क गेली” म्हणणारा फैसला देतो, तोही स्वतःच्या फायद्याचा. “अजून नक्की सांगता येत नाही, आधी डेटा काढून घेऊ” म्हणणारा त्याच्याहून अधिक जाणकार असतो आणि अधिक ईमानदारही. त्याच्या हाती घरातल्या बायामुलींचे फोटो पडतात. ते न चाळता परत करणे हासुद्धा अमानतीचाच भाग.

आणि आम्ही शिक्षक? एखादी मुलगी आठवड्यातून दोनदा गैरहजर राहू लागते, गृहपाठ अर्धाच येतो, बाकावर पेंगते. कारणे अनेक असू शकतात. घरी आजारपण असेल, धाकट्या भावंडांना सांभाळावे लागत असेल, चष्मा लागला असेल, किंवा शाळा सुटण्याची ही सुरुवात असेल. शाळा सुटलीच तर मग पटावर तिचे नाव लाल शाईने कापण्याखेरीज हातात काही उरत नाही. म्हणून घरी जाऊन विचारपूस करायला एवढी शंका पुरेशी आहे. त्यासाठी पुराव्याची वाट पाहू नये. पण तेवढ्याच शंकेवर शेऱ्याच्या रकान्यात ‘अभ्यासात रस नाही’ असे लिहायचा हक्क आम्हाला मिळत नाही. तो शेरा पुढच्या वर्गात तिच्या आधी पोहोचतो आणि नवे शिक्षक तिला त्यातूनच वाचतात. कदाचित दोष तिचा नसेलच, तिला शाळेशी जोडणाऱ्या तारेचा असेल.

तेव्हा शंका वाईट नाही. ती मनात आली की स्वतःला एक सवाल विचारावा: या शंकेवर मी जे करणार आहे त्याने काही वाचणार आहे की कुणाला सजा होणार आहे? वाचणार असेल तर उशीर करू नये, आणि सजा होणार असेल तर घाई करू नये. लॅपटॉपबाबत तरी हा सवाल अवघड नाही. आज रात्री एक पेनड्राइव्ह लावावा आणि ज्यांची अमानत आपल्याकडे आहे त्यांच्या फाइली त्यावर उतरवून घ्याव्यात. डिस्क चांगली की वाईट, ते उद्या पाहता येईल.