माशाच्या मुखीं कोणाचा घास?

तळ्यांत मासे वाढविणें हा उद्योग निर्दोष आहे असें आपण सहज धरून चालतों. त्यानें शेतकऱ्यास चार पैसे मिळतात व बाजारांत पौष्टिक अन्न येतें. मग यांत नीतीचा प्रश्न तो कोणता? परंतु वाचकहो, जो जीव आपण पाळतों त्याच्या मुखीं कोणाचा घास जातो, हें पाहिल्यावांचून त्या उद्योगास निर्दोष म्हणतां येणार नाहीं.

इ. स. १९५७ सालीं ओडिशांत डॉ. हिरालाल चौधरी यांनीं संप्रेरक टोचून कार्प जातीच्या माशांची वीण घडवून आणिली. तोंवर मत्स्यबीज मुख्यतः नद्यांतून धरून आणावें लागे. पुढें मत्स्यशेती वाढली, तशी खाद्याची गरजहि वाढली. कोंडा व भुईमुगाची पेंड हें कटला-रोहूंचें नेहमींचें खाद्य. परंतु वाढ लवकर व्हावी म्हणून कित्येक खाद्यांत सुक्या माशांचें कूट मिसळतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर अशा कुटासाठीं तारलीसारखे लहान मासे जातात. तारली म्हणजे गरिबाचें कालवण! तें एका ताटांतून निघून दुसऱ्या ताटांतील महाग माशाचा चारा होतें.

कोणी म्हणेल, “मोठा मासा लहानास खातो हा सृष्टीचा नियमच आहे.” खरें, परंतु मासा निवड करीत नाहीं, मनुष्य करितो. ज्यास दुसरा मार्ग ठाऊक आहे त्यास निरुपायाची सबब सांगतां येत नाहीं.

तो मार्ग सूक्ष्म शेवाळाचा. ज्या ओमेगा-३ मेदासाठीं समुद्रमाशाच्या तेलाची थोरवी गातात, तो मुळांत असलें शेवाळच घडवितें. मासा तो अन्नांतून मिळवितो. स्पायरुलिना नामक नीलहरित शेवाळाच्या सुक्या भुकटींत शेंकडा ५५ ते ७० भाग प्रथिन असतें, आणि कटला व रोहू यांवरील प्रयोगांत ती कुटाच्या जागीं चालते असें दिसून आलें आहे.

भुकटी महाग पडते हें नाकारतां येत नाहीं. पण कूट स्वस्त कां पडतें? त्याच्या किंमतीचा कांहीं भाग दुसरा कोणी आपल्या जेवणांतून भरतो म्हणून. ज्याची ऐपत आहे त्यानें हा भार स्वतः उचलावा. ज्याची नाहीं त्याच्यासाठीं तळ्याचें हिरवें पाणी आहेच. बेतानें शेणखत घातलें कीं शेवाळ तेथेंच वाढतें. चंदेरी कार्प तें खातो आणि त्यावर जगणारे सूक्ष्म जीव कटल्यास मिळतात. मात्र येथेंहि लोभ नको. शेवाळ माजलें तर रात्रीं पाण्यांतील प्राणवायु सरतो, आणि पहांटे मासे वर येऊन तोंडें उघडूं लागतात.

यास्तव खाद्याचें पोतें घेतांना भावाबरोबर हेंहि विचारावें: यांत काय दळलें आहे, आणि तें कोणाच्या चुलीवर शिजावयाचें होतें?