वायरमनचे वाहन

आपल्या देवांना वाहने वाटून देणाऱ्या पूर्वजांची विनोदबुद्धी मोठी असली पाहिजे. शंकराला नंदी, विष्णूला गरुड, कार्तिकेयाला मोर, खंडोबाला घोडा ही वाटणी कोणीही केली असती. पण साऱ्या देवांत जो सर्वांत स्थूल, त्या गणपतीला त्यांनी उंदीर दिला! आमच्या वाईला कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीची अवाढव्य मूर्ती आहे. १७६२ साली रास्त्यांनी बांधलेल्या त्या देवळात उभे राहिले, की या वाटणीचे नवल अधिकच वाटते. पण थोडा विचार केला म्हणजे तिच्यातले शहाणपण दिसू लागते. गणपती हा विघ्ने दूर करणारा. आणि विघ्ने बहुधा सांदीकोपऱ्यात, बारीक बिळात, भिंतीच्या पोटात दडलेली असतात. तेथे हत्तीचे काय काम? तेथे उंदीरच जायला हवा. वाहन द्यायचे ते स्वाराच्या थोरवीच्या मापाने नव्हे, त्याच्या कामाच्या मापाने, एवढा बोध त्यातून घ्यायला हरकत नसावी.

देवांचा प्रश्न पुराणांनी सोडवला. माणसांचा मात्र ज्याचा त्यालाच सोडवावा लागतो. गेल्या उन्हाळ्यात असाच एक प्रश्न माझ्या दाराशी आला. माझा एक जुना विद्यार्थी आयटीआयमध्ये वायरमनचे काम शिकला, काही वर्षे एका ठेकेदाराच्या हाताखाली राबला, आणि आता स्वतंत्रपणे विजेची कामे घेऊ लागला आहे. वाई, पाचवड, भुईंज आणि पसरणीचा घाट चढून पाचगणीचे बंगले, असा त्याचा संचार. तो म्हणाला, "सर, मी गाडी कोणती घेऊ?"

"अरे, गाडीतलं मला काय कळतं?"

"गाडीतलं मला कळतं, सर. माणसातलं तुम्हाला कळतं. म्हणून विचारतोय."

त्याच्यापुढे तीन वाटा होत्या. आहे तीच जुनी मोटारसायकल ठेवावी व मागे लोखंडी पेटी बसवावी. किंवा कोणाची वापरलेली मारुती ओम्नी घ्यावी. किंवा कर्ज काढून नवा छोटा टेम्पो घ्यावा. टाटांनी २००५ साली 'एस' नावाचा जो टेम्पो आणला, त्याला लोक 'छोटा हत्ती' म्हणतात. म्हणजे उंदीर की हत्ती, हा प्रश्न त्याच्याही पुढे होताच!

एकेकाळी हा प्रश्न कोणा वायरमनला पडत नसे. तो सायकलवर येई. हँडलला पक्कड-पेचकसांची कॅनव्हासची पिशवी, खांद्यावर शिडी. १९७२ साली लूना आली आणि त्याच साली बजाजची चेतकही आली. पण स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. टंचाईच आपल्या वतीने निवड करून टाकत असे. १९९१ नंतर बाजार हळूहळू खुला झाला आणि कर्जाचे कागद घेऊन माणसे आपणहून दारी येऊ लागली. निवड आपल्या हाती आली. आणि निवडीच्या मागोमाग नीतीही आलीच. जेथे एकच वाट असते, तेथे चुकण्याची सोयच नसते.

अशा वेळी मला थोरोची आठवण होते. या अमेरिकन लेखकाचे 'वॉल्डन' १८५४ साली प्रसिद्ध झाले, आणि दुर्गाबाई भागवतांनी ते 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नावाने मराठीत आणले. त्यात तो एक मजेदार हिशेब मांडतो. ३० मैलांवरच्या गावाला जायचे आहे. आगगाडीचे भाडे ९० सेंट. म्हणजे जवळजवळ एका दिवसाची मजुरी. मित्र ती मजुरी मिळवीत बसेल, तोवर आपण पायीच तेथे पोचलेले असू! वस्तूची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी खर्ची पडणारे आयुष्य, हे त्याचे मर्म. हिशेब बिनतोड आहे. परंतु थोरो एकटा जीव होता; त्याने आपल्याच आयुष्याची वजाबाकी केली. वायरमनच्या हिशेबात आणखी एक माणूस असतो, तो म्हणजे ज्याच्या घरी तो जातो तो.

समजा, नव्या टेम्पोचा हप्ता महिन्याला ९,००० रुपये आहे. कामाचे दिवस धरा २५. म्हणजे रोज सकाळी पक्कड हाती घेण्यापूर्वीच ३६० रुपयांचे देणे डोक्यावर. दिवसाला चार घरे केली, तर प्रत्येक घरामागे ९० रुपये. हा आकडा फार मोठा नाही. पण तो बोलका आहे. एखादी एकटी राहणारी आजीबाई बोलावते. तिच्या घरी एक स्विच जळला आहे, एवढेच. प्रामाणिक काम पंधरा मिनिटांचे. पण महिनाअखेर जवळ आली आहे, हप्ता तुंबला आहे, आणि जिभेवर शब्द येतात : "आजी, वायरिंगच गेलंय सगळं. नवं करावं लागेल." आजी काय करणार? वांगी घेताना आपण ती दाबून पाहतो, कापड घेताना चिमटीत धरून पाहतो. पण भिंतीतली वायर कोण पाहणार? तेथे सारा व्यवहार विश्वासाचा. म्हणून मला वाटते, असा खोटेपणा आजीच्या उंबरठ्यावर जन्माला येत नाही. गाडीच्या कर्जावर सही होते, तेव्हाच त्याचे बी पडलेले असते.

तर मग मोटारसायकलच बरी, साधी राहणी उत्तम, असे म्हणून उठावे काय? आम्हा मास्तर लोकांना हे उत्तर फार आवडते. परंतु साधेपणाचेही बिल असते, आणि तेही कधी कधी दुसऱ्याच्याच हाती पडते. वायरिंगचे प्लॅस्टिकचे पाइप तीन मीटर लांबीचे. ते मोटारसायकलला आडवे बांधून पसरणीचा घाट चढणारा माणूस समोरून येणाऱ्याच्या जिवाशी खेळत असतो. अर्थिंग करायचे तर धातूची पट्टी किंवा पाइप, कोळसा आणि मीठ न्यावे लागते. इन्सुलेशन तपासायला मेगर हवा. मागच्या पेटीत हे सारे मावत नाही. मग "उद्या करू" म्हणून आज चिकटपट्टीवर भागवले जाते, आणि तो उद्या उगवेलच असे नाही. घरात २३० व्होल्टचा दाब खेळत असतो. अर्थिंगवाचून राहिलेल्या गिझरला ओल्या हाताने कोणी शिवले, तर वायरमनच्या काटकसरीची किंमत त्या घरातले पोर मोजील.

म्हणजे उधळेपणा जसा निर्दोष नाही, तसा साधेपणाही आपोआप निर्दोष ठरत नाही. दोघांनाही एकच प्रश्न विचारायला हवा : तुझा भार अखेर कोण वाहतो? त्याचे उत्तर "मी" असे येत असेल, तर राहणी साधी असो वा थाटाची, तिला नावे ठेवण्याचा अधिकार इतरांना नाही. पण "ज्याला काही कळत नाही तो" असे उत्तर आले, तर मात्र निवड चुकली म्हणून समजावे.

मी त्याला सांगितले, "दोन महिने वही ठेव. रोज कुठं गेलास, काय नेलंस, काय न नेल्यामुळं काम अडलं, ते लिही. मग दोन गोष्टी बघ. सुरक्षित काम करायला जेवढं लागतं, तेवढं गाडीत मावलं पाहिजे. आणि भर पावसाळ्यात बांधकामं थांबतात, त्या मंदीच्या महिन्यातही खोटं न बोलता फेडता येईल, एवढाच हप्ता असला पाहिजे. या दोन भिंतींच्या मधे जी गाडी बसेल, ती तुझी."

त्याने वही ठेवली. दोन महिन्यांत टेम्पोवाचून खरोखर अडले असे दिवस सहा निघाले. ते सहा दिवस टेम्पो भाड्याने आणता येतो. मग त्याने साठवलेल्या पैशांत थोडेसे कर्ज घालून एक ओम्नी घेतली. तिचे उत्पादन २०१९ सालीच थांबले. पण सरकते दार गल्लीबोळात सोयीचे, आणि टपावर शिडी व पाइप नीट बांधता येतात.

गोष्ट येथे गोड संपली असती. पण महिन्याभराने तो भेटला आणि म्हणाला, "सर, पाचगणीच्या एका बंगल्याचं काम गेलं. मालक म्हणाले, तुमची गाडी बघून वाटत नाही एवढं काम झेपेल." थोडे थांबून पुढे म्हणाला, "मोटारसायकलवर जायचो, तेव्हा लोक चहा द्यायचे आणि पैशात घासाघीस करायचे. मोठ्या गाडीतून येणाऱ्याला चहा विचारत नाहीत, पण पैसे मुकाट्यानं देतात."

या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. सचोटीची किंमत पडते, आणि ती देणाऱ्यालाच द्यावी लागते. तिचे भाडे कोणी वाटून घेत नाही. मात्र ती थोडी हलकी करणे ज्यांच्या हाती आहे, ते लोक आपणच आहोत. वायरमन कर्जात शिरतो तो पुष्कळदा आपल्या नजरेला भिऊन. आपण गाडीवरून माणूस जोखतो, म्हणून त्याला गाडी मोठी करावी लागते. आणि त्या गाडीचा हप्ता फिरून आपल्याच बिलात येऊन बसतो.

खंडेनवमीला कारागीर आपली हत्यारे पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहतो, दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालतो. जी वस्तू पोटाला देते तिला हात जोडावेत, हे योग्यच आहे. पण त्या पाटावर मांडण्याचा मान त्याच वस्तूला, जी त्याच्या कामाची चाकरी करते. ज्या वस्तूची चाकरी त्यालाच करावी लागते, तिच्यापुढे कितीही उदबत्त्या लावल्या तरी ती हत्यार होत नाही.

दिवाळीच्या या दिवसांत आकाशकंदिलाला होल्डर लावायला, गच्चीवरची माळ जोडायला कोणी ना कोणी आपल्या घरी येऊन गेला असेल. पुन्हा येईल तेव्हा तो कशातून उतरला, हे खिडकीतून पाहू नये. जोड घट्ट बसवला का, अर्थिंग तपासले का, हे जवळ उभे राहून विचारावे. ठरलेले पैसे न कुरकुरता द्यावेत. आणि चहाही द्यावा.